दोन गोळ्यांचे दिवस

आयुष्यात मी सगळ्यात जास्त हसले ते दोन महिने माझ्या कॅन्सरच्या लगेच नंतरचे. हे वाक्य बायकांच्या घोळक्यात म्हटलं की एखादी माझ्या हातावर हात ठेवते आणि म्हणते, "किती धीराची गं तू." मी धीराची वगैरे काही नाही. मी रोज दुप्पट डोस घेत होते, एवढंच.

सुरुवात रायपूरच्या सदर बाजारात झाली. पुतणीच्या लग्नात घालायला मला ठुशी घ्यायची होती. ठुशी गळ्याला चिकटून बसायला हवी, पण ती माझ्या गळ्यावर एका बाजूने उचलूनच राहिली. मी आवंढा गिळला तशी ती वर गेली आणि खाली आली. सराफ म्हणाला, "दीदी, डोरी थोड़ी ढीली कर दूं?" मी आरशात पाहिलं, पुन्हा एकदा गिळलं, आणि ठुशी काढून त्याच्या हातात ठेवली. दोरी ठीकच होती, गळ्यातच काहीतरी जास्तीचं होतं.

तीन आठवड्यांत सगळं कळलं. थायरॉईडचा कॅन्सर. डॉक्टर हसून म्हणाले, "मैडम, ये तो अच्छा वाला कैंसर है." मला असा राग आला की काय सांगू. चांगला असेल तर तुम्ही घ्या ना, असं अगदी ओठांवर आलं होतं. ऑपरेशन झालं, ग्रंथी गेली, गळ्यावर एक आडवी रेघ आली आणि आवाज काही दिवस घोगरा झाला. सिंचाई विभागाच्या ज्या कचेरीत मी आवक-जावक सांभाळते तिथे माझा फोन लागला की लोक "भैया" म्हणायला लागले.

नवरा रेल्वेत सिग्नलच्या खात्यात आहे. त्याला प्रत्येक गोष्ट यंत्र म्हणून समजते. त्याने मला समजावलं, थायरॉईड म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. तो काढून टाकला, आता पंखा गोळीवर चालवायचा. पण गोळी सुरू व्हायच्या आधी एक काम बाकी होतं. ऑपरेशननंतर त्या ग्रंथीच्या ज्या पेशी उरतात, त्या किरणोत्सारी आयोडीन पाजून जाळायच्या. त्या पेशींनी ते आयोडीन हावरटासारखं प्यावं म्हणून आधी महिनाभर मला हार्मोनची गोळी द्यायची नाही, आणि शेवटचे दोन आठवडे खाण्यात आयोडीन येऊ द्यायचं नाही.

गोळीविनाचा तो महिना मे होता. रायपूरचा मे. बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुत्रीसुद्धा नालीत बसायची आणि मी खोलीत स्वेटर घालून कूलर बंद करायला सांगायची. नवरा शेजारी बनियनवर बसून घामाने निथळायचा, पण कूलर लावायचा नाही. चेहरा सुजला होता. एक लसूण सोलायला घेतला की दुपार व्हायची. कोणी काही सांगितलं तर ते आत पोचायला वेळ लागायचा, आणि पोचेपर्यंत सांगणारा निघून गेलेला असायचा. दुःख नव्हतं, दुःखालासुद्धा थोडी ताकद लागते.

आणि मग आला मिठाचा प्रश्न.

पाकिटातल्या मिठात आयोडीन असतं. नवऱ्याने घरातलं सगळं मीठ उचललं आणि सेंधा मीठ आणून ठेवलं. दूध बंद, पाकिटातलं काहीही बंद. इथवर सासूबाई गप्प होत्या. सासूबाई भंडाऱ्याकडच्या, वय अठ्ठ्याहत्तर, आमच्या घरात गॅसपेक्षा त्यांचं जास्त चालतं. पण नवऱ्याच्या डोक्यात आलं, बायको आता विसराळू झाली आहे, चुकून लोणचं वाढून घेईल. त्याने सासूबाईंचं तीन वर्षं मुरलेलं लिंबाचं लोणचं, अख्खी बरणी, मागच्या नालीत ओतली.

सासूबाई आंघोळीहून आल्या तेव्हा तो बरणी धूत होता.

"तीन सालाचं लोणचं," त्या म्हणाल्या. "माझं मीठ तुले जहर वाटलं काय रे?" आणि त्या दिवसापासून त्यांनी लेकाशी अबोला धरला. जे काही सांगायचं ते माझ्यामार्फत. "त्याले सांग, गॅस सरला." "आईला विचार, औषध घेतलं का." घरातला एकच टपाल विभाग, आणि तो त्या महिन्यात बंद पडलेला. मी निरोप घ्यायची आणि विसरायची. गॅस चार दिवस सरलेलाच होता.

आयोडीन पिऊन, दवाखान्यातल्या बंद खोलीत राहून मी घरी यायला निघाले, तेव्हा न्यायला दोघंही आले होते, वेगवेगळ्या रिक्षांनी. तिथल्या सिस्टरने दोघांना समोर उभं करून समजावलं. आठवडाभर वेगळी खोली, वेगळं ताट-वाटी, कपडे वेगळे, सहा फुटांचं अंतर. आणि परवापासून हार्मोनची गोळी, एक, सकाळी खाली पेट, म्हणजे रिकाम्या पोटी. "एक दिन भी नागा नहीं होना चाहिए, अम्मा." किरणं म्हणजे काय हे ती सांगायला लागली तशी सासूबाईंनी तिला थांबवलं.

"हव, हव, समझ गई," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "बाहेर बसाचं आहे ना? मंग तसं सांगाचं. इतकं कशाले लांबवते?"

आता इथे मला मागचं सांगायला हवं. सव्वीस वर्षांपूर्वी मी या घरात आले तेव्हा महिन्यातले चार दिवस बाहेर बसायची पद्धत होती. मी आठ दिवस भांडले होते, दोनदा माहेरची बॅग भरली होती, आणि ती पद्धत बंद पाडली होती. सासूबाईंनी हार मानली होती, पण विसरल्या नव्हत्या. आता सव्वीस वर्षांनी दवाखान्याने स्वतःहून मला त्यांच्या ताब्यात दिलं, आणि त्यांनी तो आठवडा असा चालवला की काय सांगावं. ताट उंबऱ्यावर ठेवायच्या आणि मागे सरायच्या. पाणी वरून ओतायच्या. माझी चादर काठीने उचलायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी पुतणीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. आठव्या दिवशी डोक्यावरून न्हायला लावल्याशिवाय मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. नवऱ्याने आपल्या परीने खोलीसमोर फलाटावर असते तशी पिवळी रेघ ओढली होती, ती अजून पूर्ण निघालेली नाही.

गोळीची गोष्ट अशी. नवऱ्याच्या खात्यात प्रत्येक वस्तूला एक जोडी लागते, एक बिघडली तर दुसरी चालते. त्यामुळे आमच्या घरी सगळं दोन असतं. गोळ्यांच्या बाटल्याही त्याने दोन आणल्या. एक स्वतःपाशी ठेवली, दुसरी देवघराच्या फळीवर. सासूबाईंच्या मते खाली पेट म्हणजे पहाट. सकाळी सहाला उठणाऱ्या लेकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्या साडेचारला आंघोळ करून, दिवा लावून, तांब्याच्या वाटीत तुळशीचं पान घातलेलं पाणी आणि त्याच्या बाजूला गोळी उंबऱ्यावर ठेवायच्या. "घे. तीर्थ आहे." मी घ्यायची आणि पुन्हा आडवी व्हायची. सहाला नवरा पिवळ्या रेघेवर उभा राहायचा, स्टीलच्या ग्लासात पाणी, बाटलीच्या झाकणात गोळी. मी गिळली की तो कॅलेंडरवर खूण करायचा आणि मगच दाढीला जायचा. दोघं एकमेकांशी बोलत असते तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. माझं डोकं तेव्हा इतकं जड होतं की दोन माणसांनी दोन गोळ्या दिल्या तर त्या दोन असणार, असंच मला वाटलं. आठवड्यानंतर मी बाहेर आले, पण तोवर दोघांनाही सवय पडली होती.

दोनेक आठवड्यांत मी जागी झाले. आधी कूलर लावला. मग स्वेटर काढला. मग एका सकाळी उठून पाहिलं तर मी गुणगुणत होते आणि हातात झाडू होता. माळे साफ केले. सासूबाईंच्या लग्नातली पितळी भांडी चिंचेने घासून अंगणात मांडली तेव्हा समोरच्या घरातल्या बाईने विचारलं, "दीदी, बेच रहे हो क्या?" बूढ़ा तालाबाला रोज तीन फेऱ्या मारायची, चौथी राहायची ती पायांना नको होती म्हणून नाही, कचेरीची वेळ व्हायची म्हणून. कचेरीत मी आठ महिन्यांची तुंबलेली पत्रं चार दिवसांत रवाना केली. साहेब घाबरून बाहेर आले आणि म्हणाले, "मैडम, थोड़ा रुक-रुक के भेजिए, अब जवाब आने लगे हैं."

वजन उतरलं. पोपटी रंगाच्या तीन साड्या घेतल्या, तिन्ही पोपटी. सदर बाजारात त्याच सराफाकडे गेले आणि ती ठुशी घेतली, आता ती बरोब्बर बसली, थेट रेघेच्या वर. भाव करताना मी त्याला इतकं हसवलं की त्याने घडणावळ सोडली. सगळ्याचंच हसू यायचं. शेजारच्या आजोबांच्या तेरवीला पंगतीत त्यांच्या मोठ्या मुलाने गंभीरपणे "बाबूजी को बूंदी पसंद थी" म्हणत माझ्या पानात तिसऱ्यांदा बुंदी वाढली आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. पदर तोंडात कोंबून मी उठले. बाहेर येऊनही हसत होते आणि हसता हसता रडायला लागले, कारण मी जिवंत होते आणि आजोबा नव्हते, आणि बुंदी खरंच चांगली झाली होती.

हात थरथरायचे. छाती धडधडायची, जिना चढल्यावर तर कानात ऐकू यायची. मी म्हणायची, आनंदाने होत असेल. सव्वीस वर्षांत मला आनंदाचा एवढा सराव नव्हता, म्हणून शरीराला जड जातंय.

मग एके दिवशी देवघर पुसताना फळीवर ती बाटली दिसली. अर्धी रिकामी. नवऱ्याच्या कपाटातली काढून पाहिली. तीही अर्धी रिकामी. झाकणं उघडून मी दोन्हीतली एकेक गोळी तळहातावर घेतली. एकच रंग, एकच आकार, एकच आकडा. फाइलमधली चिठ्ठी काढली. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, एक.

खरं सांगते, मी दोन्ही बाटल्या जागच्या जागी ठेवल्या आणि नऊ दिवस कोणाला काही बोलले नाही.

कारण मला कळून चुकलं होतं की हे हसू माझं नाही, त्या दुसऱ्या गोळीचं आहे. तळ्याच्या फेऱ्या तिच्या, पोपटी साड्या तिच्या, सराफाला हसवणारी बाई तिची. ती काढून घेतली की मागे कोण उरेल? मे महिन्यातली लसणाची बाई? मला तिची भीती होती, गाठीची वाटली नव्हती एवढी. गाठीला निदान कापता येतं.

नवव्या दिवशी रक्त द्यायचं होतं, मग रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे. आधी त्यांनी चांगलं सांगितलं. स्कॅन स्वच्छ, उरलेल्या पेशींचा मागमूस नाही. नवऱ्याने माझा हात धरला आणि टेबलाखाली दाबला. मग डॉक्टरांनी हार्मोनचा कागद पुढे ओढला, चष्मा लावला, माझी नाडी धरली. नाडी एकशे अठरा.

"गोली कितनी ले रहे हैं?"

"एक," नवरा म्हणाला. "मैं खुद देता हूं. सामने खड़ा होके." आणि त्याने खिशातून कॅलेंडरचं पान काढलं. दोन महिन्यांच्या खुणा, एकही सुटलेली नाही. डॉक्टर त्या खुणांकडे पाहत राहिले. म्हणाले की या एका गोळीने एवढा आकडा येत नाही, पण येतो आहे तर गोळी अर्धी करावी लागेल.

गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं मला. नवरा अर्धी देईल, सासूबाई आपल्या पूर्ण देतील, दीड होईल. दीडमध्येही बरंच हसता येईल. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो कॅलेंडरचं पान पुन्हा घडी करत होता, चुकीच्या घडीवर, चूक आपलीच असणार असा चेहरा करून.

"दोन," मी म्हटलं. "दो लेती हूं. एक मां देती हैं, एक ये."

मग डॉक्टरांनी विचारलं, "अच्छा लगता था?"

"बहुत," मी म्हटलं, आणि हसायलाच लागले.

ते हसले नाहीत. म्हणाले, कॅन्सर परत येऊ नये म्हणून थोडं जास्त ठेवतोच आम्ही, पण एवढं नाही. असंच चाललं तर हृदय ठोका चुकवायला लागेल आणि हाडं आतून ठिसूळ होतील. थोडे दिवस सगळं बंद, मग एक. एकच.

घरी आलो. नवरा सरळ देवघरासमोर जाऊन उभा राहिला. अबोल्याला अडीच महिने झाले होते.

"आई, तू हिले गोळी देऊन राहिली होती?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "त्याले सांग, हव."

"मलेच सांग ना. काहून नाही सांगितलं?"

आता मात्र त्या वळल्या. "तू इचारलं काय? लोणचं फेकताना मले इचारलं? सहाले उठते आन् खाली पेट म्हणते. सहाले का पहाट रायते?"

"दोन गोळ्या झाल्या आई, तिचं हृदय..."

"मंग तू तुही गोळी बंद कर. मी देतो."

अर्धा तास ते भांडले, तोंडाला तोंड देत, मोकळे भांडले. मी दाराला टेकून ऐकत होते आणि मला इतकं बरं वाटलं की पोटात दुखेपर्यंत हसले. ते दुसऱ्या गोळीच्या शिल्लकीतलं शेवटचं हसू असेल, असंही तेव्हाच मनात आलं. शेवटी गोळी लेकाची ठरली. कॅलेंडर त्याच्याकडे होतं, म्हणून.

पुढचे आठवडे मी स्वतःवर पाळत ठेवली. रोज सकाळी काहीतरी गमतीचं आठवून पाहायची, हसू येतं का. हात थरथरायचे थांबले. जिना जिन्यासारखा झाला. तळ्याच्या तीन फेऱ्यांची एक झाली. तिसरी पोपटी साडी मी मोलकरणीला दिली, तिनेही रंग पाहून जरा विचार केला. तेरवीतली बुंदी आठवून पाहिली तर नुसती लाज वाटली. म्हटलं, गेलं.

मधल्या काळात लिंबं आली. नवऱ्याने चिरली आणि सासूबाईंनी मोठी चिरली म्हणून त्याला बोल लावले. मीठ पाकिटातलं घातलं, मला आता चालत होतं. बरणी फळीवर गेली.

सासूबाईंचं साडेचारला येणं मात्र थांबलं नाही. वाटी, पाणी, तुळशीचं पान. गोळी नाही. मी रोज ते पिऊन पुन्हा झोपायची. परवा मी उठून बसले आणि विचारलं, "आई, आता गोळी त्यांच्याकडे आहे. मग तुम्ही काहून उठता?"

त्या दारात उभ्या होत्या, पिवळ्या रेघेच्या अलीकडे.

"गोळी त्याची असंन," त्या म्हणाल्या. "मले तू उठते का नाही, ते पाहाचं रायते."

मी वाटी खाली ठेवली. दवाखान्यातून आले तेव्हापासून ही बाई रोज पहाटे तीर्थाचं निमित्त करून माझा श्वास चालू आहे का ते बघून जात होती, आणि मी समजत होते की तिला बाहेर बसवण्याची हौस फिटली नाही.

"आणि नसते उठले तर?" मी विचारलं.

"तं पाणी टाकलं असतं तोंडावर," त्या म्हणाल्या. "थंड."

मला रडू आलं, आणि त्याच्यात मधेच हसू आलं, आणि दोन्ही आवरेना. सासूबाई म्हणाल्या, "झालं सुरू. किती गोळ्या खाल्ल्या वं?" मी घड्याळाकडे पाहिलं. डॉक्टरांना विचारलं तर सांगतील की ती गोळी अंगात आठवडाभर राहते. सांगोत. साडेचार वाजले होते, आणि त्या दिवसाची गोळी अजून बाटलीतच होती.